जहाजाचा नमुना

एजन्सीची बातमी आली तेव्हा नांदेडच्या कचेरीत पहिलं पान जवळजवळ लागलं होतं. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या पर्यटन जहाजांच्या सफरी पुन्हा सुरू होणार होत्या. करोनाची दुसरी लाट ओसरली होती. दवाखान्यातल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या होत्या आणि हॉटेलवाल्यांनी एकाआड एक टेबल मांडून का होईना, धंदा उघडला होता. बातमीत अटी दिल्या होत्या: लशीचे दोन्ही डोस, निघण्याआधी चाचणी, जहाजावर नेहमीपेक्षा कमी प्रवासी. शंकाही दिली होती. जागा बंदिस्त, जेवणघर सगळ्यांचं एक, आणि एकजण आजारी निघाला तर बाकीच्यांनाही खोलीत बसवून ठेवण्याची वेळ. मी ती आतल्या पानावर घेतली आणि मथळा दिला, ‘जहाज सफरी पुन्हा सुरू, सुरक्षित किती?’

सकाळी लातूरहून मामांचा फोन आला. मामा लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडते आहेत. शेतकऱ्यांचं सोयाबीन आणि तूर त्यांच्या आडतीवर उतरतात आणि सौद्यात, म्हणजे लिलावात, विकली जातात. बातमी त्यांनी मोबाइलवर वाचली होती.

“हे प्रश्नचिन्ह तूच टाकलंस का रे?”

“हाव, मामा.”

“म्हंजे तुलाबी माहीत न्हाई.”

“पक्कं कुणालाच माहीत नाही.”

“मग तेच मोठ्या अक्षरात लिहायचं की. तुझ्या मामीनं नुसतं ‘पुन्हा सुरू’ एवढंच वाचलं. तिची बातमी तिथंच संपली.”

मामांच्या मुलीने, ती ठाण्याला असते, आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला या सफरीचं तिकीट काढलं होतं. ते करोनाच्या आधी. मग जहाजं बंद झाली, कंपनीने तिकीट पुढे ढकललं, आणि आता येणार की नाही ते आठवडाभरात कळवा असा निरोप आला होता. नाही म्हटलं तर तिकीट गेलं. मामींनी समुद्र पाहिला नव्हता. मुलीच्या बाळंतपणासाठी दोनदा ठाण्याला राहून आल्या, पण दोन्ही वेळा बाळाच्या अंघोळी आणि बाळंतिणीचा डिंक यातच परतीची गाडी आली.

मामांनी फोन ठेवला आणि लगेच मामींचा आला.

“त्यांना सांग, तू सांगितलंस की पटतं त्यांना.”

“काय सांगू?”

“सुरक्षित हाय म्हणून.”

“तसं म्हणता येत नाही, मामी.”

“मग न्हाई म्हण.”

“तेही म्हणता येत नाही.”

“मग तुमी दिसभर त्या पेपरात करता तरी काय रे?”

दोन दिवसांची सुटी काढून मी लातूरला गेलो. एसटीत निम्म्या लोकांचे मास्क हनुवटीवर होते. लोहा गेल्यावर कंडक्टरचाही खाली आला. घरी निलंग्याची मावशी आधीच येऊन बसली होती. ती मामींची धाकटी बहीण. दोघांपैकी कुणी गळालं तर ती जागा आपली, असं तिने आल्या आल्या जाहीर केलं होतं, त्यामुळे तिचं मत कुणी विचारत नव्हतं.

मामांचं म्हणणं सरळ होतं. “मरायचं भ्या न्हाई. दोन्ही डोस झाले, तब्येत ठीक हाय. पन जहाजावर एकजण खोकला की सगळे खोलीत. खाली पानी, वर आभाळ, मधी मी. सौदा इकडं आन् मी तिकडं.”

“मी असंन की संगं खोलीत,” मामी म्हणाल्या.

“तेच म्हणतोय मी.”

मावशी पदर तोंडाला लावून हसली. मी बातमीतल्या अटी सांगितल्या, शंकाही सांगितल्या. मामा अटी ऐकताना खिडकीबाहेर बघत होते, मामी शंका ऐकताना शेंगा सोलत होत्या.

मोंढ्यात माल न बघता कुणी घेत नाही. खरेदीदार परखी, म्हणजे टोकदार लोखंडी नळी, पोत्यात खुपसतो आणि आतले दाणे तळहातावर घेतो. ओल बघतो, काडीकचरा बघतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो, मग बोली लावतो. मामांनी हा नियम घरातही आणला होता. जावई ठरवताना ते दोनदा न कळवता त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आले होते. दुसऱ्या खेपेला चहा पहिल्यासारखाच निघाला, तेव्हा होकार दिला.

शेंगा संपल्यावर मामींनी टरफलं झटकली. “अवो, तुमी पोतं भोसकल्याबिगर माल घेत न्हाई ना?”

“न्हाई.”

“मग जहाजाचा नमुना घ्या. गच्चीवर खोली हाय. बसू दोघं. बाहेरून कडी. जमलं तर जाऊ, न्हाई जमलं तर मी समुद्राचं नाव काढणार न्हाई.”

मामांना याला नकार देता येईना. आयुष्यभर ते हेच सांगत आले होते. त्यांनी कपाटातून टेप काढला.

मुलीने फोनवर जहाजातल्या खोलीचं माप कळवलं. गच्चीवरची खोली त्याहून मोठी होती. मामांनी आडतीवरून रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे मागवले, भिंतीला लावून माणसाच्या उंचीएवढे रचले आणि खोली मापात आणली. एक गठ्ठा पुढे आल्यासारखा वाटला तर टेप लावून मागे ढकलला. जहाजाची खिडकी उघडत नाही असं कळल्यावर इथलीही लावून घेतली. आतूनच दार असलेल्या न्हाणीचा तेवढा वापर करायचा. जेवण दाराशी ठेवायचं, ताट आत घेण्यापुरती कडी काढायची. उद्याचा दिवस मावळेपर्यंत कुणी बाहेर यायचं नाही. कडी माझ्या ताब्यात दिली, कारण मी दोन्ही बाजू लिहिणारा माणूस.

संध्याकाळी मामांनी पूजेचं साहित्य, विभूती, चार्जर आणि चष्म्याची जोडी आत नेली. मामींनी उशी नेली.

मावशीने जेवणाचं काम घेतलं. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी असं ताट ती दाराबाहेर ठेवायची आणि कडी वाजवून ओरडायची, “जहाज औशाला आलंय वो दाजी! उतरायचं कुणाला?”

“गप ग! औशाला कसलं बंदर,” आतून मामा.

“असू द्या की. निलंग्याला थांबणार हाय. माझं माहेर न् सासर दोन्ही तिथंच, मला उतरवा.”

मामींचं हसू दाराबाहेर ऐकू आलं.

पहिली संध्याकाळ बरी गेली. मामांनी फोनवर दोन व्यापाऱ्यांशी तुरीच्या डाळीवर चर्चा केली. मग खोलीत गरम होतं असं कळवलं. मग पोत्यांचा वास येतो असं कळवलं. मावशी म्हणाली, जहाजावर माशांचा येईल. त्यानंतर तक्रार थांबली.

सकाळी पूजा झाली, घंटीचा आवाज आला. मग येरझाऱ्या सुरू झाल्या. खोली आखूड असल्यामुळे तिसऱ्या पावलाला वळावं लागत होतं आणि वळताना त्यांचा खांदा गठ्ठ्याला घासायचा, ते बाहेरही कळत होतं. मामींचा आवाज एकदाच आला: “बसा की जरा. लाट आल्यासारखं हलायलंय सगळं.”

दुपारच्या आधी सौद्याची वेळ झाली. सोयाबीनची आवक त्या दिवशी मोठी होती. मुनीम फोनवर भाव सांगत होता आणि मामा आतून ओरडत होते, “ओल बघितली का? अरे, हातात घेऊन बघ! दाताखाली धर!” मुनीम काहीतरी म्हणाला. फोन बंद झाला. मग दारावर थाप पडली.

“उघड.”

“मामा, दिवस मावळायचाय.”

“मला ताप न्हाई, खोकला न्हाई. मला कामून कोंडलंय?”

“जहाजावरही असंच असेल. ताप दुसऱ्याला असेल.”

हे बोलून गेल्यावर मला वाटलं, बातमीतली शंका इतक्या थोडक्यात मला लिहिता आली नव्हती. आतून मामींचा आवाज आला, झोपेतून उठलेला.

“उघड रे बाबा त्यांना. न्हाईतर माझी सफर बिघडवतील.”

मी कडी काढली. मामा टोपी हातात घेऊन बाहेर आले, माझ्याकडे न बघता जिना उतरले आणि स्कूटर चालू झाली. मी दारात उभा होतो. मामी पलंगावर पाय पसरून पडल्या होत्या. उशाशी रिकामं ताट होतं. त्या घरात मी त्यांना इतक्या वर्षांत दुपारी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं. कुणीतरी चहा मागायचं, कुणीतरी दार वाजवायचं, गिरणीवरून दळण आणायचं असायचं.

“मामी, झाला ना नमुना?”

“त्यांचा झाला. माझा चालू हाय. दार लाव परत.”

मी बाहेरून कडी लावली. मावशीने चहा आणून दाराशी ठेवला आणि सांगितलं की जहाज निलंग्याला लागलं असून पुढे जाणार आहे.

दिवस मावळल्यावर मामी खाली आल्या. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी वाद घातला नाही. मोंढ्यात बोली सोडणारा माणूस जसा दाणे पोत्यात परत टाकतो आणि हात झटकतो, तसे त्यांनी हात झटकले.

“माल चांगला हाय,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक मी न्हाई.”

“मग?”

“तू जा. हिला घेऊन जा.” त्यांनी मावशीकडे हात केला. मावशी तोवर मामांच्या मुलीला फोन लावत होती.

मुलीने कंपनीकडून नावात बदल करून घेतला. आता चाचणी तेवढी राहिली होती. मी नांदेडला परतलो होतो. पुढचं मावशीकडून कळलं. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी मामींना शिंका आल्या, पाठोपाठ मावशीला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मामी देवासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथेही शिंकल्या. मग स्वयंपाकघरातून मामा डोळे पुसत, खोकत बाहेर आले. बायको नसताना उपाशी राहायला नको म्हणून ते वरणाला फोडणी द्यायचा सराव करत होते आणि सुक्या मिरच्या मूठभर टाकून बसले होते.

दोघींचे अहवाल निगेटिव्ह आले. मामांनीही चाचणी करून घेतली होती. कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, “घरातला माल सगळा एकदमच बघावा.”

दोघी मुंबईच्या रेल्वेने गेल्या. जहाज निघालं त्या दिवशी कचेरीत माझा फोन वाजला. मामा होते.

“कुठवर गेलं असंल रे?”

मुलीने पाठवलेला जहाजाचा मार्ग माझ्या मोबाइलवर होता. मुंबई सोडून थोडं दक्षिणेला, असं मी सांगितलं.

“तसं कळत न्हाई. नीट सांग.”

“औसा गेलं, मामा.”

“मग ठीक हाय.” मग म्हणाले, “सावकाश जातंय ना?”

संध्याकाळी पुन्हा फोन आला. मी निलंगा सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, तुमचे मामा एसटी खात्यात आहेत का, असं विचारलं.

गोव्याला पोचल्यावर मामींनी व्हिडिओ कॉल केला. मामा सांगतात, पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, मास्क कुठे आहे. मामींनी मास्क दाखवला आणि मग मोबाइल समुद्राकडे फिरवला. मामा म्हणाले, “एवढं पानी?” आणि मामी म्हणाल्या, “हाव. आन् प्यायला एक थेंब न्हाई. लातूरच म्हणा की.”

त्या सफरीत कुणी आजारी पडलं नाही. त्या परतल्यावर मी लातूरला गेलो, तेव्हा मामांना म्हटलं की सफर सुरक्षित निघाली. त्यांनी मान हलवली. “एका पोत्याचा नमुना म्हंजे सगळी गाडी न्हाई. हे बी लिही तू.” बातमीत मी एवढ्या साध्या भाषेत लिहिलं नव्हतं.

मग त्यांनी मामींना विचारलं, “खोलीला बाहेरून कडी होती का गं?”

“कसली कडी वो. आतून उघडायची. दार उघडं ठेवून बसत होतो आमी.”

“मग आधी सांगायचं की.”

“मला तरी कुठं माहीत होतं? नमुना बघितला होता तो तुमच्या खोलीचा.”

मुलीने पुढल्या वर्षीचं विचारलं आहे. पोत्यांचे गठ्ठे अजून गच्चीवरच्या खोलीतच आहेत. जेवण झाल्यावर मामा वर जातात आणि दार लावून बसतात. त्या दिवशी मी जिन्यात होतो, आतून येरझाऱ्या ऐकू येत होत्या, पूर्वीपेक्षा सावकाश.

“सराव करायलेत,” मामी खालून म्हणाल्या. “मी अजून कडी लावत न्हाई. आधी फोन खाली ठेवून वर जाऊ दे.”