आवक क्रमांक न पडलेला थेंब

तक्रारदार : मी स्वतः, राहणार अंधेरी पूर्व, व्यवसाय अर्ज लिहिणे, शिक्षण नववी, परंतु मसुदा असा की वकीलसुद्धा चष्मा पुसून वाचतात. ज्यांच्याविरुद्ध तक्रार : माझे साडू, म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, पूर्वी राहणार मुलुंड, हल्ली मुक्काम मुलीकडे नागपूर. घटनेचा दिवस : एक मंगळवार आणि त्यानंतरचे बरेच मंगळवार. घटनास्थळ : सरकारी कचेरीच्या कुंपणाबाहेरील माझे टेबल. साक्षीदार : एक, माझी पत्नी, दोन, वर्सोव्याची आमची नेहमीची कोळीण, तीन, वाकोल्याची एक मुलगी, वय एकोणीस, जिचे नाव तिच्या सांगण्यावरून येथे दिलेले नाही आणि जिची हकिगत तिच्याच परवानगीने दिली आहे. तक्रारीचे स्वरूप : सदर गृहस्थांनी मला ऐन पन्नाशीत थक्क करून सोडले आणि त्यातून बाहेर काढण्याची कोणतीही तजवीज न करता ते निघून गेले.

माणसाच्या देहाला इतका मान देणारा दुसरा माणूस संपूर्ण उपनगरात झाला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. लोक देवळासमोरून जाताना हात जोडतात. साडूभाऊ गरोदर बाई समोरून आली की चपला काढून बाजूला उभे राहत. मुलुंडच्या एका मोठ्या दवाखान्यात, रक्तातील हार्मोन तपासण्याच्या खोलीत, त्यांनी एकतीस वर्षे काचेच्या नळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि डॉक्टर मॅडमच्या मागे उभे राहून ऐकले. शिक्षण माझ्याहून एक इयत्ता कमी, पण ऐकण्याची पदवी असती तर त्यांना ती मानाने मिळाली असती. हार्मोन हा शब्द त्यांना घाईचा वाटे आणि संप्रेरक हा कोरडा, म्हणून ते नुसते ‘थेंब’ म्हणत. माणसाच्या अख्ख्या आयुष्यात हे थेंब जमवले तर मोजून चमचाभर भरतील, असे ते सांगत, आणि सांगताना खरोखरीचा चमचा हातात घेऊन तो असा बघत की चहा निवून जाई. बिनचिठ्ठीची बाटली त्यांनी कधी स्वीकारली नाही. घरीही कोणी निनावी, बिनतारखेचा कागद पुढे केला तर ते हात मागे घेत. माझी ही तक्रार रीतसर नमुन्यात का आहे, हे वाचकांच्या आता ध्यानात यावे.

त्यांच्या या भक्तीचा घरच्यांना होणारा उपद्रव वेगळ्या पुरवणीत द्यावा इतका होता. शेजारच्या मुलाचा आवाज फुटू लागला, तेव्हा साडूभाऊ रोज संध्याकाळी जिन्यात डोळे मिटून उभे राहत. कोणी विचारले तर म्हणत, “हळू बोला, कंठाचं बांधकाम चालू आहे.” तो बिचारा मुलगा पुढे महिनाभर खुणांनी बोलत होता. सोसायटीत गाडी लावण्यावरून दोन गृहस्थ एकमेकांच्या अंगावर धावून गेले, तर हे मध्ये जाऊन दोघांना म्हणाले की यात तुमचा काही दोष नाही, हा थेंब बोलतोय. त्याबरोबर दोघांचे भांडण मिटले आणि दोघे मिळून यांच्यावर आले. मेव्हणीबाईंची पाळी जाण्याचे दिवस आले, अंगातून वाफा निघू लागल्या, तेव्हा हे पुठ्ठ्याने वारा घालीत आणि गहिवरून सांगत की पस्तीस वर्षे चाललेली कचेरी बंद होते आहे, दप्तर हलवताना धूळ उडायचीच. “धूळ राहू द्या, आधी भांडी घासा,” असे मेव्हणीबाई म्हणत. ते भांडीही घासत, नळ्यांची सवय असल्यामुळे उत्तम घासत.

निवृत्त झाल्यावर ते दर मंगळवारी माझ्या टेबलाशी येऊ लागले. डब्यात एक उकडलेले अंडे असे. ते सावकाश सोलत, अर्धे मला देत आणि बोलू लागत. आईच्या पोटात पहिले सहा आठवडे मुलगा आणि मुलगी यांच्या घडणीत काहीएक फरक नसतो, हे मला प्रथम त्या टेबलावर कळले. दोन्हीकडची नळजोडणी निसर्ग आधीच करून ठेवतो, म्हणाले; पुढे थेंब येतात आणि ठरते की कोणती ठेवायची. मी माझ्या हाताकडे पाहिले, मिशीवरून बोट फिरवले, आणि माझ्या आयुष्यात प्रथमच समोर बसलेल्या अर्जदाराला थांबा म्हणालो.

त्याच सुमारास एका रविवारी आम्ही दोघे साडू आणि माझी पत्नी वर्सोव्याला मासळी आणायला गेलो. कोळणीच्या पाटीत हातभर लांबीचा जिताडा होता. साडूभाऊंनी त्याला वाकून नमस्कार केला. हा मासा लहानपणी नर असतो आणि मोठेपणी अंगातले थेंब पालटून मादी होतो, गाभोळी धरतो, असे त्यांनी मला कुजबुजत सांगितले. कोळणीने ते ऐकले. “पाया काय परतंस त्याच्या? घेवाचा त घे,” ती म्हणाली. “बारका नर, मोठी मादी. आमचे आजीला पन ठाव होता.” साडूभाऊंनी मग तिलाही नमस्कार केला, आणि तिने भाव उतरवला नाही तो नाहीच.

आता मूळ प्रकरणाकडे येतो.

ही वाकोल्याची मुलगी कबड्डी खेळते. खेळते म्हणजे, तिच्या चढाईला समोरच्या सात जणी आधीच अर्धी जागा सोडून देतात. तिची महिलांच्या मोठ्या संघासाठी निवड झाली आणि तपासणीच्या फॉर्मवर तिने प्रामाणिकपणे लिहिले की आपल्याला पाळी कधी आलेलीच नाही. तिला दवाखान्यात पाठवण्यात आले. अहवाल आला की तिच्या पेशींत पुरुषाच्या असतात तशा एक्स आणि वाय या खुणा आहेत आणि रक्तात पुरुषाचा थेंबही पुरुषाइतकाच आहे. तो इंग्रजी कागद कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला देव जाणे, पण संघाच्या निवड समितीने तिचे नाव यादीतून काढले, कारण ‘चौकशी’. सरावालाही येऊ नको म्हणून सांगितले. तिची आई एमआयडीसीत पॅकिंगचे काम करते. ती रजा टाकून, मुलीला हाताला धरून माझ्याकडे आली. “दादा, हिचं नाव परत लागलं पाहिजे,” एवढेच तिचे म्हणणे. “ही घरात नुसती भिंतीकडे बघत बसते.”

माझा एक नियम आहे, जो मी माझ्या गुरूंकडून घेतला : सोबतच्या कागदात जे, तेच अर्जात. त्यात अक्षराचा फरक पडला तर अर्ज फेटाळला जातो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. त्या नियमानुसार मी सुबक अक्षरात नाव, वय, पत्ता लिहिला आणि पुढील रकान्यात लिहिले : ‘लिंग – पुरुष (सोबतच्या अहवालानुसार)’. कागद वळवून मी तो सहीसाठी मुलीपुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला.

“काका, हे माझ्याबद्दल आहे?”

मी म्हणालो, कागदात आहे तेच लिहिलंय. मला त्या वेळी माझ्या काटेकोरपणाचा अभिमान वाटत होता, हे लपवून उपयोग नाही. मुलीने पेन बंद करून टेबलावर ठेवले आणि ती उठली. आई तिच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

तो मंगळवार होता. साडूभाऊ मघापासून शेजारच्या स्टुलावर, वर्सोव्याच्या जिताड्याची गोष्ट मला पुन्हा सांगत, अंडे सोलत होते. त्यांनी ते अर्धवट सोललेले अंडे डब्यात परत ठेवले. असे मी त्यापूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांनी मुलीला विचारून अहवाल हातात घेतला, आधी चिठ्ठी आणि तारीख तपासली, मग वाचला. त्या एका प्रकारचे कागद त्यांनी एकतीस वर्षे पाहिले होते. वाचून झाल्यावर त्यांनी अहवाल बाजूला ठेवून माझा अर्ज उचलला आणि मला विचारले, “मास्तर, तू अर्ज लिहिलास, टपालात टाकलास, तो कचेरीत पोहोचला, पण आवकच्या टेबलावरच्या माणसाने त्याच्यावर क्रमांक टाकला नाही. तर त्या अर्जाचं काय होतं?”

मी म्हणालो, तो अर्ज आलाच नाही असे धरतात. कचेरी आपल्या नेहमीच्या पद्धतीने चालू राहते.

“हेच झालंय,” ते मुलीला म्हणाले. “बस ना जरा.”

ती बसली. त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या भाषेत देतो, कारण भाषा माझ्याच धंद्याची होती. आईच्या पोटात या मुलीच्या देहातून दोन पत्रे निघाली. पहिल्यात लिहिले होते, गर्भाशय नको. ते स्वीकारले गेले. म्हणून पाळी नाही. दुसऱ्यात लिहिले होते, पुरुषासारखा हो. तेही वेळेवर निघाले, जागोजागी पोहोचले, पण त्या पत्राची आवक घेणारी खिडकी तिच्या देहात मुळातच उघडत नव्हती. एका पेशीनेही क्रमांक टाकला नाही. तेव्हा शरीर मुलीचे झाले. पुढे वयात येताना तो थेंब पुन्हा मुबलक आला, पुन्हा कोणी वाचला नाही. आणि शरीराने, कागद वाया न घालवणाऱ्या चांगल्या कारकुनासारखे, त्याच पाठकोऱ्या कागदावर बाईचा मजकूर लिहून घेतला. ज्या थेंबावर समितीचा आक्षेप, त्या थेंबातूनच देहाने तिला बाईपण दिले. दंडात, मांडीत, कुठेही त्याने पुरुषाचे बळ दिले नाही, कारण बळ द्यायला तो आधी वाचला जायला हवा. मी अर्ध्या आयुष्यात हजारो अर्ज लिहिले असतील. पण माझ्यापुढे बसलेल्या प्रत्येक देहाने जन्माआधी असे पत्रव्यवहार पुरे केले आहेत, हे कळल्यावर माझ्या शाईच्या दौतीची मला लाज वाटली.

मुलीने बाजूला ठेवलेला अहवाल स्वतःकडे ओढून त्याची घडी घातली. मग तिने विचारले, “म्हणजे मी तुमचा तो जिताडा का? ह्या काकांना मघाशी सांगत होता ना तुम्ही, वर्सोव्याचं.”

“नाही गं,” साडूभाऊ म्हणाले. “जिताडा बदलतो. तू कधी बदललीसच नाहीस.”

“आणि डोकं? डोक्यात काय आहे माझ्या?”

“डोक्यातही तीच खिडकी, तीही बंदच. पण खरं सांगू? डोक्याचा सगळा कारभार आमच्या मॅडमनाही कळलेला नव्हता. त्या एकच तपासणी करायच्या, समोरच्याला विचारायच्या. तू कोण आहेस?”

“मुलगी.”

“मास्तर, लिही.”

मी जुना अर्ज फाडला आणि नवा लिहिला. त्यात अहवालाची प्रत जोडली नाही, कारण तो तिचा कागद होता. जोडले ते फक्त डॉक्टर मॅडमचे एक पानी पत्र. साडूभाऊ स्वतः मॅडमच्या घरी जाऊन ते घेऊन आले आणि त्यावर चिठ्ठीही त्यांनीच चिकटवली.

समितीने घाटकोपरच्या आपल्या कार्यालयात सुनावणी ठेवली. अध्यक्ष कोकणातले, भरघोस मिशांचे. त्यांचेही म्हणणे माझ्यासारखेच, की कागद काय म्हणतो ते महत्त्वाचे. साडूभाऊंनी त्यांना नम्रपणे कळवले की आईच्या पोटात सहा आठवड्यांपर्यंत आपली आणि आपल्या भगिनींची फाईल एकाच नमुन्याची होती. अध्यक्षांच्या मिशा थरथरल्या. मी टेबलाखालून साडूभाऊंच्या पायावर पाय दिला. पण त्यांनी खिडकीची सगळी हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली, आणि कार्यालयात चहा घेऊन आलेला गृहस्थसुद्धा किटली हातात धरून ऐकत उभा राहिला. अखेरीस अध्यक्षांनी मॅडमचे पत्र खाली ठेवून मुलीलाच विचारले की तुझे काय म्हणणे आहे.

“मला चढाई करायची आहे, साहेब,” ती म्हणाली. “बाकी तुम्ही आणि काका बोला.”

लेखी निर्णय यायला पुढे महिना लागला. तिचे नाव यादीत पूर्ववत लागले. मसुदा माझा होता. परंतु त्यातील एकमेव कामाचा शब्द, लिंगाच्या रकान्यातला, मुलीचा होता, हे मी येथे नोंदवतो.

त्यानंतरचा पहिला सामना आम्ही दोघे साडू बघायला गेलो. ती मध्यरेषा ओलांडून, दम धरून समोरच्या अंगणात शिरली, तिघींना शिवून परत आली, आणि माझे डोळे भरून वाहू लागले. मी या वयात असा रडत नाही. मी साडूभाऊंना विचारले, हा कोणता थेंब. ते हसले. “मंगळवारी सांगतो,” म्हणाले.

मंगळवारी ते आले, अंडे सोलले, अर्धे मला दिले. मी प्रश्नाची आठवण केली तर त्यांनी विचारले, कोणता सामना? मी ती थट्टा समजलो. पुढच्या मंगळवारी ते मुलुंडहून निघाले आणि त्यांना माझे टेबल सापडले नाही. मग मेव्हणीबाई त्यांना घेऊन आपल्या मुलीकडे नागपूरला गेल्या. मी दोन पत्रे पाठवली. त्यांच्या मुलीने कळवले की बाबा पत्र हातात घेतात, चिठ्ठी आणि तारीख तपासतात, समाधानाने मान हलवतात, आणि विचारतात की हे कोणी लिहिले. पत्र पोहोचते, आवक होत नाही. पण तिने आणखी एक लिहिले. दर मंगळवारी ते एक अंडे मागून घेतात, सोलतात आणि अर्धे बाजूला ठेवतात. कोणासाठी, विचारले तर सांगता येत नाही. पण कोणाला त्याला हात लावू देत नाहीत.

मी हे वाकोल्याच्या मुलीला वाचून दाखवले. ती आता संघाची कर्णधार आहे. ती म्हणाली, “काका, त्यांना आठवत नसेल तर ह्या वेळी आपण जाऊन सांगू. खिडकीचं मला सगळं पाठ आहे.”

सबब सविनय विनंती की, वर नमूद केलेल्या प्रश्नाचे, म्हणजे तो थेंब कोणता होता याचे, लेखी अथवा तोंडी उत्तर आपल्या सोयीने मिळावे. उत्तर देणे शक्य नसल्यास तसेही चालेल. मात्र येत्या मंगळवारी अर्जदार व साक्षीदार क्रमांक तीन नागपूर मुक्कामी समक्ष हजर राहत आहेत, तरी अर्धे अंडे ठेवावे, ही नम्र प्रार्थना.