साडूभाऊंचं चालणं

आमच्या साडूभाऊंइतकी पायी दिल्ली तुडवलेला माणूस उभ्या एनसीआरमध्ये दुसरा सापडायचा नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत हयात गेली, पण बसच्या रांगेत त्यांना कुणी पाहिलं नाही. निवृत्तीनंतर ते मुलाकडे गुरुग्रामला आले. तिथे फुटपाथ शोधावा लागतो, तरी हे गळ्यात कॅमेरा अडकवून चालतच. गाडीवाले काच खाली करून विचारत, "अंकल, गाड़ी ख़राब हो गई क्या?" त्यावर "है ही नहीं, तो ख़राब क्या होगी?" म्हणून हे पुढे. फोटोचीही तीच तऱ्हा. एकदा दिल्लीतल्या हिंदूरावच्या टेकडीवर, पडक्या भिंतीवर हवं तसं ऊन येईपर्यंत त्यांनी आम्हा सगळ्यांना डबे न उघडता बसवून ठेवलं. ऊन आलं तेव्हा म्हणाले, "छे, मघाशीच बरं होतं."

गेल्या हिवाळ्यात अचानक त्यांचा फोन आला. "जंजिरा बघायचाय. चला." त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या मेहुणीताई, नातवासाठी घरी थांबल्या. आम्ही दोघंच निघालो.

शिडाच्या होडीतून उतरताना नावाड्याने पुढे केलेला हात साडूभाऊंना दिसलाच नाही. त्यांचा पाय पायरीवरून हुकला. मी दंड धरला म्हणून निभावलं. तटावरून चालतानाही ते भिंत चाचपत होते. मोठ्या तोफेपाशी थांबले आणि कॅमेऱ्याला कुणालाही हात लावू न देणाऱ्या या माणसाने तो माझ्यापुढे धरला.

"तुम्ही काढा. मला मधोमध काही दिसत नाही हो. कडेकडेचं तेवढं दिसतं. गेलेलं परत यायचं नाही म्हणतात डॉक्टर."

"ताईंना माहीत आहे?"

"नाही. कळलं की फिरणं बंद. मग काय, लिफ्टने वरखाली करत बसू?"

समोर काय आहे ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तोफ, तिच्यापलीकडे पाणी, पाण्यावर एक होडी.

"होडी जाऊ दे."

आम्ही थांबलो.

"गेली?"

"गेली."

मी बटण दाबलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "खारं वारं फार आहे," म्हणाले. मग हळूच विचारलं, "पाणी कुठल्या रंगाचं होतं?"

"करडं."

"अच्छा."

परतीच्या गाडीत, ताईंना सांगा म्हणून मी त्यांना पुन्हा पुन्हा विनवलं. घरी पोचल्यावर त्यांनी बूटसुद्धा न काढता ताईंना सगळं सांगून टाकलं. ताई शांतपणे पाण्याचे पेले घेऊन आल्या.

"ताटातली वाटी चाचपायला लागलात तेव्हाच कळलं मला. तेव्हापासून तुमच्या मागून चालतेय मी रोज, जरा अंतर ठेवून."

साडूभाऊंनी पेला हातात घेतला. मग म्हणाले, "एवढं चालवलं मी तुला?"

"गुडघे दुखतात खरे," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून साडूभाऊ हळू चालायला लागले.