पुसदच्या स्टँडवर अर्धं राहिलेलं रडणं

पुसदच्या एसटी स्टँडवर याडी, म्हणजे माझी आई, माझ्या गळ्यात पडून रडायला लागली आणि मी तिचे हात सोडवले. घर सोडल्याची माझी आठवण ही अशी आहे.

आमच्या बंजारा तांड्यावर बायका भेटताना आणि निरोप देताना गळ्यात पडून रडतात. सूर लावून, नावं घेऊन, पूर्ण होईपर्यंत. मला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, म्हणून याडीने सूर लावला. पण ती कापूस लागोपाठ बुडण्याची वर्षं होती. मोठ्याने रडणं ऐकू आलं की लोक एकच अर्थ काढायचे, कुणीतरी औषध प्यायलं. माझ्या वर्गातली माधुरी, वकिलांची मुलगी, मैत्रिणींसोबत तिथेच उभी होती.

"काहून गं, कोण मेलं तुमच्यात?" ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"गप ना याडी. लोक पाहून राह्यले," मी म्हणाले. घरी आम्ही गोर बोली बोलतो. हे मात्र मी मराठीत म्हटलं, माधुरीला ऐकू जावं म्हणून. याडी मध्येच थांबली. तिने पदर तोंडाशी धरला आणि माझी पिशवी बसमध्ये ठेवून दिली.

पुण्यात मी वीस वर्षं माधुरीला मनातल्या मनात उत्तरं दिली. एकाहून एक जहरी. पण शिक्षा भोगली मीच. मेसमध्ये दुसरी पोळी मागायची लाज वाटायची, हसताना तोंडावर हात जायचा. सुट्टीत घरी गेले की याडी "आली का" म्हणायची आणि चहा ठेवायची, गळ्यात पडायची नाही. बापू, माझे वडील, गेले तेव्हा सगळ्या बायांनी सूर लावला, मी मात्र कोरडी उभी राहिले. आवाजच फुटेना. त्या दिवसापासून मी स्वतःचा इतका राग केला की माधुरीचाही तेवढा केला नसेल.

आणि नशीब बघा, माधुरी आमच्याच सोसायटीत राहायला आली. "अय्या, तू पण पुसदची?" म्हणाली. तिला काहीही आठवत नव्हतं. तेव्हा ठरवलं, आता हिला सोडायचं नाही.

याडी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी येणार होती. तिची बस मुद्दाम सोसायटीच्या रविवारच्या मीटिंगच्या वेळेला पोचेल अशी पाहिली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, सगळे जमलेले, माधुरीही. याडी रिक्षातून उतरली आणि मी तिच्या गळ्यात पडून सूर लावला. चिरका, बेसूर.

याडी ताठ झाली. "लोक पाहून राह्यले," ती म्हणाली. मराठीत.

माझेच शब्द तिने इतकी वर्षं जपून ठेवले होते. माधुरीला दाखवायला लावलेलं माझं रडणं तिथे खरं झालं. "पाहू दे," मी म्हणाले, आणि मग याडीने सूर लावला. बापूंचं नाव घेतलं, माझं घेतलं. काहीही गाळलं नाही. वॉचमन धावत आला. माधुरी पाण्याचा ग्लास घेऊन आली.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. माझी आई आली," मी म्हणाले आणि परत रडायला लागले. रडणं पुरं होईपर्यंत माधुरीला ग्लास धरून उभं ठेवलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तांड्यावरच्या मावश्यांनो, आणि माझ्यासारख्या पळून आलेल्या पोरींनो, माधुरीला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण स्टँडवर याडीचे हात सोडवणाऱ्या त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला आता मी काही बोलत नाही. घाबरली होती ती.

याडीने माधुरीच्या हातातला ग्लास घेतला, पाणी प्यायली, आणि माझ्याकडे वळली.

"सूर हुकला तुहा. उद्यापासून शिकवतो," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्याला धरून जिना चढायला लागली. घर दुसऱ्या मजल्यावर आहे.