तहान न्हाई मला

महामाया लातूर–नांदेड बसवर कंडक्टर. सकाळी अर्धा कप चहा पिऊन निघायची, ते घरी परतेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायची नाही. वाटेत बाईमाणसाला जायला धड जागा मिळेल याचा भरवसा नसायचा, म्हणून नोकरी लागल्यापासून तिनं ही सवयच लावून घेतली होती. ओठ सुकायचे, दुपारी डोकं ठणकायचं. नोकरी म्हटलं की हे आलंच, असं ती धरून चालायची.

मग उदगीरहून बदली होऊन बिलकीस आली. तीही कंडक्टर, वयानं बरोबरीची. एका खांद्याला तिकिटाचं मशीन, दुसऱ्या खांद्याला ही मोठी पाण्याची बाटली. तिला जळकोटची गाडी मिळाली. संध्याकाळी मशीन जमा करताना बाकीच्या गळून गेलेल्या असायच्या आणि बिलकीस नुकतंच तोंड धुऊन आल्यासारखी टवटवीत. "मॅडम, तुम्ही लई फ्रेश दिसता," खिडकीतला माणूस तिला म्हणायचा, की महामायाच्या अंगाची आग व्हायची.

"सोयीची गाडी मिळाली न् तिला," ती नवऱ्याला सांगायची. "वशिला हाय."

"मग विचार की तिलाच," आनंदराज म्हणायचा.

"मी विचारू? तिला?"

आगारातल्या खेळांच्या दिवशी बायकांची भरभर चालायची शर्यत होती. महामाया शाळेत खो-खोची कप्तान होती. बिलकीस कधी काही खेळलेली नव्हती, फक्त रोज सकाळी मैदानात फेऱ्या मारायची. उन्हात निम्म्या वाटेवरच महामायाच्या पोटरीत गोळा आला आणि ती मटकन खाली बसली. बिलकीस शेजारून निघून गेली, पहिली आली आणि तशीच मागं येऊन तिनं महामायापुढं बाटली धरली.

"घ्या, थोडं थोडं प्या."

"तहान न्हाई मला," महामाया म्हणाली. जीभ टाळूला चिकटली होती.

एप्रिलात बिलकीस रजेवर गेली आणि जळकोटची गाडी महामायाकडं आली. ती मनातून खूश झाली. त्या दिवशी ती मुद्दाम पोटभर पाणी पिऊन निघाली. पण सोयीची जागा काही दिसेना. परतीच्या वाटेवर तिनं हळूच ड्रायव्हरला विचारलं, "पंढरीमामा, बिलकीसबाई कुठं जातात हो?"

"त्या? पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावतात, तिथल्या संडासाला जातात."

"भरल्या गाडीत? समद्यांसमोर?"

"हाव. एक जण कुरकुरला, तर म्हणल्या, मघाशी तुम्ही झाडाआड गेला तवा आम्ही थांबलोच की."

म्हणजे वशिला नव्हताच. महामायाला हायसं वाटायला हवं होतं, पण ती आणखीच जळली. वशिल्याला नावं तरी ठेवता आली असती. या धिटाईला काय नाव ठेवणार? 'थांबवा' हा शब्द तिच्या ओठावर आला आणि तिथंच राहिला. ती तशीच कळ सोसत लातूरला आली.

पुढच्याच आठवड्यात तिला थंडी वाजून ताप भरला, लघवीला आग होऊ लागली. डॉक्टरबाई रागावल्या. "पाणी प्यायचं नाही, वर लघवी कोंडून धरायची. किडनीपर्यंत गेलंय हे. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यायचं. लघवी फिकी दिसली पाहिजे."

कामावर परतल्यावर आपल्या नांदेडच्या गाडीत तिनं लोह्याच्या अलीकडं ड्रायव्हरला सांगितलं, "पंपावर दोन मिनिटं थांबा." आवाज वाजवीपेक्षा मोठाच निघाला. मागून कुणीतरी च्यक् केलं. ती उतरली, तशा तिच्यामागं आणखी तीन बाया उतरल्या.

"बरं केलंस बाई," त्यातली म्हातारी म्हणाली, "लोहा येईस्तोवर माझा जीव जात होता."

महामायाला बरं वाटलं. पण लगेच मनात आलं, हे बघायला बिलकीस पाहिजे होती.

बिलकीस भेटली ती संध्याकाळी, आगाराच्या नळापाशी.

"आजारी होता म्हणं," ती म्हणाली. "मी बी उदगीरला असताना थेंबभर पाणी पीत नव्हते. दोनदा सलाईन लावलं. दुसऱ्यांदा दवाखान्यातनं घरी आले आणि लाजच सोडली."

"दोनदा?"

"दोनदा."

आपण तर एकदाच आजारी पडलो, महामायाच्या मनात आलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला मनापासून गार वाटलं. त्या गारव्याची तिला थोडी शरमही वाटली.

"चहा घेता का, बिलकीसबाई?" तिनं विचारलं.