आईचं डोकं शाबूत असेपर्यंत

आईचे गुडघे गेले आणि केळझरकडच्या शेताच्या कामांसाठी सरकारी पायऱ्या चढणं तिला जमेना, तेव्हा मुखत्यारपत्र करायचं ठरलं. म्हणजे तिच्या वतीनं सह्या दुसऱ्या कुणी करायच्या. भाऊ पुण्यात, मी वर्ध्यात मास्तरीण, आई माझ्याकडे. भावानं फोनवर फार मायेनं विचारलं, "माझ्या नावानं करायचं का?"

"तू सगळ्याईले हो म्हनतं," आई म्हणाली. "ही भांडकुदळ हाय. हिलेच देतो."

चाळीस वर्षं ज्यासाठी बोलणी खाल्ली, तीच माझी पात्रता ठरली.

वकील घरी आले. मसुदा वाचून झाल्यावर म्हणाले, "काकू, एक सांगून ठेवतो. तुमचं डोकं शाबूत आहे तोवरच हा कागद चालेल. पुढे काही समजेनासं झालं, तर ताईंना कोर्टात जावं लागेल."

आईनं चष्मा काढला. "डोकं हाय तंवरच?"

"हो."

"डोकं असल्यावर मले हिची गरज काऊन पडन?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्या महिन्यात आईनं मला दोनदा, वारलेल्या मावशीच्या नावानं हाक मारली होती. ते मी त्यांना सांगितलं नाही. दोन्ही वेळा मी निमूट ओ दिली होती.

नोंदणी कार्यालयात बाबूनं विचारलं, "आजी, हे स्वखुशीनं देता ना?"

"नाई."

बाबूचा हात कीबोर्डवरच थांबला.

"खुशीनं कोन देते? गुडघे चालत नाई म्हनून देऊन राह्यली."

"तसं नाही आजी. कुणी जबरदस्ती केली का, एवढंच."

"हिची हिंमत नाई."

"मग हो लिहू?"

"लिवा."

मग अंगठा. मशीन घेईना. बाबूनं तिचा अंगठा पुसला, फुंकला, पुन्हा दाबला. "जनम गेला भांडे घासन्यात," आई म्हणाली, "आता रेघा कुठून आनू?" शेवटी डाव्या हाताचा एकदाचा लागला. फोटोसाठी तिनं माझ्याकडे कंगवा मागितला.

महिन्याभरानं तलाठ्याकडे निघाले. सातबाऱ्यावर तिच्या नावातली वेलांटी चुकली होती, त्याचा अर्ज द्यायचा होता. कागद घेऊन बाहेर येते तर आई इस्त्रीचं लुगडं नेसून ऑटोत बसलेली.

"तू कशाला? मुखत्यारपत्र आहे ना!"

"मी मेली काय?"

तलाठ्यानं माझा कागद उघडलासुद्धा नाही. समोर खुद्द मालकीण बसली होती. तिलाच विचारलं, तिचीच सही घेतली. मी पाण्याची बाटली धरून उभी.

परतताना ती ऑटोवाल्याला सांगत होती, "पोरीले कागदातलं काई समजत नाई. म्हनून या लागते मले."