गेटवरचे खण

१९ मेच्या सकाळी सुके बोंबील साफ करायला बसले होते. पावसाच्या आत हे काम उरकावंच लागतं. डोकी आणि शेपट्या कात्रीने उडवायच्या, तुकडे करायचे, पुन्हा एक ऊन दाखवायचं आणि डब्यात दाबून भरायचे. माझं माहेर आणि सासर दोन्ही घाटावरचं. हे सगळं मी बेटेगावात राहायला आल्यावर घिवलीच्या मासळीवालीकडून शिकले. हात धुवायला उठले तेव्हा ओट्यावर लेकीचा जेवणाचा डबा दिसला. विसरून गेली होती.

लेक बोईसरला एका औषधांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत आहे. तिथे आत मोबाइल नेता येत नाही. एखादी ठिणगी महागात पडते, म्हणून सगळ्यांचे फोन गेटवर लाकडी खणांत ठेवून घेतात आणि सुटताना परत देतात. आमच्याकडे हे घरोघर माहीत आहे. तरीही आम्ही फोन लावतो.

मागच्या थंडीत तिच्या कंपनीपलीकडच्या गल्लीत दुसऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. इथे बेटेगावात आमच्या खिडकीची काच थरथरली. मी फोन लावला. रिंग जात राहिली. फोन खणात आहे हे ठाऊक असून संध्याकाळपर्यंत लावत राहिले. अंधार पडता पडता लेक घरी आली. केसांत धूळ होती, बाकी खरचटलंही नव्हतं. भूक लागली म्हणाली, जेवली, झोपली. माझ्या डोक्यात मात्र रिंग चालूच राहिली.

त्यानंतर दुपारी भांडी घासताना काच थरथरल्यासारखी वाटायची. हात पुसून मी काचेवर तळवा टेकवायची. काच गप्प. पण हात टेकायच्या आधी थरथरली असेल तर? मग फोन. रिंग जाते म्हणजे फोन शाबूत. फोन शाबूत म्हणजे गेट शाबूत. पण लेक गेटवर कुठे आहे, ती आत आहे. इथवर आले की पुन्हा काचेपासून सुरू. घाण्याचा बैलसुद्धा कधीतरी सुटतो.

डबा राहिला त्याच्या आदल्या रात्री जेवताना तिने ताट सरकवलं.

"आई, तो खण वाजतो. मी नाही वाजत. सगळे हसतात मला."

"हसू देत. नोकरी सोड, मग नाही लावणार."

"सोडते. उद्याचा दिवस भरते आणि सुटल्यावर फोन हातात आला की राजीनामा पाठवते. मग घरी बसून दोघी मिळून काच धरू."

राजीनामा तिने लिहून ठेवलेला होता, दाखवलाही. ही नोकरी मिळवायला पोरगी केवढी खपली होती, ते मी पाहिलं होतं. तरी त्या रात्री मला शांत झोप लागली.

तर तो डबा घेऊन मी रिक्षाने निघाले. भर दुपार. गल्ली ओस. गटारातल्या तांबड्या पाण्यातून वाफ निघत होती आणि पायाखाली कुठेतरी बारीक घरघर चालू होती, ती चपलेतून पोटरीत चढत होती. गेटवरच्या वॉचमनने डबा घेतला. "अंदर दे के आता हूँ, अम्माजी. बैठिए." मी केबिनमध्ये एकटी बसले.

समोर भिंतभर खण. आधी एकच फोन हलला, बंद खिडकीवर माशी आपटावी तसा. त्याच्या काचेवर 'मम्मी' असं उजळलं. मग शेजारी 'घर'. त्याच्या वर पुन्हा 'घर'. एकेक करत भिंतच उजळत गेली. लाकूड घुमायला लागलं. माणूस एकही नाही, आणि एवढी सगळी घरं त्या भिंतीला हाका मारत होती.

खालच्या ओळीत लेकीचा फोन होता, पिवळ्या कव्हरचा. तो थरथरत थरथरत खणाच्या काठाकडे सरकला. त्यावर 'आई' आलं.

मी तर इथे बसले होते.

कोण लावतंय? मी खाली पाहिलं. माझा उजवा हात पिशवीत होता. हात बाहेर काढला तर त्यात फोन, अंगठा फोनवर, आणि रिंग चालू. मी कधी लावला, मला माहीत नाही. फोन कापला. पिवळा फोन विझला. बाकीचे वाजत राहिले.

वॉचमन परत आला. मी विचारलं, "इतने सब फोन... कहीं कुछ हुआ क्या?"

"कुछ नहीं हुआ. रोज का है. खाने का टाइम हुआ कि घरवालियाँ शुरू. पहले तो मैं भी डरता था. अब पंखा चालू कर देता हूँ, आवाज दब जाती है."

त्याने पंखा लावला. खरंच दबला आवाज.

संध्याकाळी लेक आली, चप्पल काढायच्या आधी फोन काढला. "पाठवते, आई. बघ."

"नको पाठवू."

"आणि उद्या दुपारी?"

"लावणार नाही असं मी म्हणत नाही. लावता येणार नाही अशी सोय करते."

तिने फोन खाली ठेवला. "दुपारपर्यंत टिकशील?"

"तू डबा विसरू नकोस. तेवढं कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन गेली. मी माझा फोन बोंबलांच्या डब्यात घातला, झाकण दोन्ही हातांनी दाबून बसवलं आणि डबा माळ्यावर ठेवला. मग राहिलेले बोंबील आणायला घिवलीला निघाले. रिक्षात अंगठा रिकाम्या पिशवीत काहीतरी चाचपत राहिला. चाचपू दिला.

मासळीवाली मला बघून ओरडलीच, "वैनी, फोन का नाय उचलत तुमी? कवापासून लावतेय मी, नुसता वाजतोय!"

"डब्यात आहे," मी म्हटलं. "मोठे मोठे बघून दे. मागच्या वेळी चुरा निघाला होता."