मामांचं रिव्हॉल्वर आणि माझी डिकी

हिच्या मामांइतका निरुपद्रवी सशस्त्र माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. कमरेला रिव्हॉल्वर, आणि झुरळ दिसलं की पाय खुर्चीवर! दिवाळीत डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीत फटाके सुरू झाले की मामा कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाऊन बसत, आणि मामी गॅलरीतून ओरडून सांगत, "जरा बेताने वाजवा रे, आमचे बंदूकवाले घाबरतात." रिव्हॉल्वर त्यांनी काही हौसेने घेतलं नव्हतं. मानपाड्याच्या बाजूला एका पेट्रोलपंपावर ते मॅनेजर होते. पंपाची रोकड बँकेत नेताना एकदा दोघांनी पिशवी हिसकवायचा प्रयत्न केला, तेव्हा मालकाने मागे लागून त्यांना परवाना काढायला लावला. पुढच्या तीस वर्षांत त्यातून एकही गोळी सुटली नाही. निवृत्तीनंतर ते परत का करत नाहीत, असं विचारलं की मामा म्हणत, "परत करायला जास्त कागद लागतात." खरं कारण वेगळं होतं. परवान्याच्या दर नूतनीकरणाला पोलीस साहेब हत्यार तपासून मामांच्या परवान्याच्या वहीत 'ठीक' असा शेरा मारत. तीस वर्षांत त्या वहीत लाल शाईचा ठिपका नव्हता. पाहुणे आले की मामा ती वही लग्नाच्या अल्बमसारखी पुढे करत.

पण मामांना खरं बघावं ते सरकारी इमारतीच्या दारात. हत्यार आत न्यायला मनाई, अशी पाटी दिसली की त्यांच्या अंगात पुजारी संचारायचा. आडोशाला भिंतीकडे तोंड करून ते काडतुसं काढत, पुटपुटत मोजत, चष्म्याच्या एका जुन्या डबीत ठेवत. रिकामं रिव्हॉल्वर मामींच्या जुन्या साडीपासून शिवलेल्या पिशवीत जाई. मग दोन्ही वस्तू दारावरच्या पोलिसाच्या स्वाधीन, त्या कपाटात गेलेल्या डोळ्यांनी पाहायच्या, आणि पावती घ्यायची: रिव्हॉल्वर एक, रिकामं. काडतुसं सहा, वेगळी. एका हवालदाराने वैतागून चिटोऱ्यावर नुसती सही करून दिली, तर मामा हात जोडून म्हणाले, "साहेब, तारीख राहिली. तारखेशिवाय पावती म्हणजे नुसता कागद." हे वेड पुढे इतकं वाढलं की टिटवाळ्याला देवळाबाहेर चपला ठेवतानाही फुलवाल्या बाईकडे ते चिठ्ठी मागत. ती म्हणायची, "काका, तुमच्या चपला कोण नेतोय? जा, दर्शन घेऊन या." मामींनी त्यांचं घड्याळ सेल बदलायला नेलं, तर मामींनाही सही करावी लागे.

या नियमाला जगात एकच अपवाद होता, तो म्हणजे मी. मी जावई. मी बसल्याशिवाय मामा बसत नसत, माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे असून मला 'जावईबापू' म्हणत, आणि माझं म्हणणं कधी खोडत नसत. मला ते सुखाचं वाटायचं. त्यांच्या पावत्यांवर मी चारचौघांत भरपूर विनोद करायचो, तेही त्यांच्यासमोर.

त्या वर्षी नूतनीकरणाची तपासणी ठाण्याला होती, दुपारी तीन वाजता. मी म्हटलं, माझ्या स्कूटरवरून चला. त्यात माझा स्वार्थ होता. जवळच्याच एका सरकारी इमारतीत माझ्या नव्या फ्लॅटच्या कागदांवर साक्षीदार म्हणून मामांची सही हवी होती. आधी माझं काम, मग त्यांचं, असं मीच ठरवून टाकलं. दारात पाटी होतीच. मामा भिंतीकडे वळले, मोजणी झाली, पिशवी तयार. पण दारावरचा शिपाई म्हणाला, "कपाटाची चावी हवालदारांकडं हाय, ते जेवायला गेलेत. अर्धा तास थांबा की."

"थांबू," मामा म्हणाले.

माझा नंबर कधीही पुकारला जाणार होता. मी म्हटलं, "मामा, द्या ती पिशवी. डिकीत ठेवतो. कुलूप आहे."

"अहो, पण ते असं..."

"पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही पण ना!"

मामांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जावयाला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पिशवी आणि डबी माझ्या हातात दिली. मी रस्त्याकडेला जाऊन दोन्ही स्कूटरच्या डिकीत टाकल्या, वर रेनकोट कोंबला.

पाच मिनिटांना पाऊण तास लागला. बाहेर आलो तर स्कूटर नव्हती. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "आत्ताच उचलली ना काका. टोइंगवाले घेऊन गेले. इथे नो पार्किंग आहे."

रिक्षातच मामांनी परवाना खिशातून काढून हातात धरला. वाहतूक चौकीवर त्यांनी स्वतः पुढे होऊन साहेबांना सगळं सांगितलं. डिकी उघडली. पिशवी तशीच होती, डबीत सहा होती. साहेबांनी परवाना पाहिला आणि विचारलं, "इथे कुणी ठेवलं हे?"

मी शाळेत शिक्षक, आणि माझी मुख्याध्यापकपदाची फाइल तेव्हा मंजुरीसाठी वर गेलेली होती. पोलीस केस, चौकशी, संस्थेच्या लोकांचे चेहरे, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी वर पंख्याकडे पाहू लागलो.

"मी ठेवलं," मामा म्हणाले. "चूक झाली."

त्यांचं नूतनीकरण झालं नाही. परवाना गेला, रिव्हॉल्वर जमा झालं, वहीत लाल शाईने चार ओळी आल्या. रिव्हॉल्वर जमा करून घेणाऱ्या कारकुनाने पावती दिली, ती मामांनी दोनदा वाचली आणि हळूच म्हणाले, "साहेब, तारीख."

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी निभलं असतं. पण घरात हा किस्सा झाला. आयुष्यभर पावत्या मागणाऱ्या मामांनी रिव्हॉल्वर चक्क स्कूटरच्या डिकीत ठेवलं! आणि लाज वाटते सांगायला, हा किस्सा सगळ्यांत रंगवून मी सांगायचो. बारशात, साखरपुड्यात, मामांच्या पंचाहत्तरीलासुद्धा. झेरॉक्सवाल्याचा आवाज काढायचो. लोक पोट धरून हसत, मामाही गालातल्या गालात हसत आणि मला म्हणत, "जावईबापू, जेवून घ्या आधी." मुख्याध्यापक मी झालो. ती वही मात्र पुन्हा कुणी पाहिली नाही.

गेल्या महिन्यात कंबरेच्या दुखण्यासाठी कल्याणला त्यांचा एमआरआय करायचा होता. मामींचे गुडघे चालत नाहीत, म्हणून सोबत मी. "अंगावरचं सगळं धातूचं काढा काका, कवळी पण," असं आतल्या मुलीने सांगितलं आणि मामा सवयीने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. घड्याळ, अंगठी, कानाचं यंत्र, कवळी. सगळं त्यांनी एका डबीत ठेवून डबी माझ्यापुढे धरली. तीच ती काडतुसांची डबी होती. मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हटलं, "मामा, पावती देतो."

"जावयाकडून कसली पावती?" ते बोळक्या तोंडाने म्हणाले.

 मी त्यांच्या फाइलमधला एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं: घड्याळ एक. अंगठी एक. कानाचं यंत्र एक. कवळी एक. मग त्याखाली लिहिलं: रिव्हॉल्वर एक, काडतुसं सहा, वेगळी. मामा थांबायला तयार होते. त्यांच्या हातून मी घेतलं, डिकीत मी ठेवलं. आणि सही केली.

चष्मा तेवढा अजून त्यांच्या डोळ्यांवर होता. ओळीओळीखाली बोट फिरवत त्यांनी कागद वाचला. शेवटच्या ओळीखाली बोट बराच वेळ थांबलं. आतली मुलगी म्हणाली, "काका, चला ना." मामांनी कागद माझ्याकडे परत दिला.

"तारीख राहिली, जावईबापू."

मी तारीख घातली. त्यांनी ती पाहिली, मग चष्मा काढून माझ्या हातात दिला. "आणि चष्मा एक. तोही लिहा," असं म्हणून ते भिंतीला धरत आत गेले.